भागरताबाईंची वाघी

“पाहुणी तलाव पाहायला येऊन राहिली, अन् तलाव असा दाढी वाढवून बसला! शोभते का?”

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं असतं तर बरं झालं असतं, पण माझंच. धानोलीच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कमरेला हात लावून मी ते बोलले, आणि वीस-पंचवीस बायांनी एकदम माना डोलावल्या. सत्त्याऐंशी सालचा आश्विन होता. धान कापणीला यायला पंधरवडा बाकी, हात रिकामे. पाहुणा येणार म्हटलं की आम्ही अंगण सारवतो, भिंतीला पोतेरं करतो. मग जी पाहुणी खास तलावच पाहायला येणार, तिच्यासाठी तलाव नको का सारवायला?

आम्ही ढिवर. मासे पकडणं हा आमचा पिढीजात धंदा. बाप्ये जाळं टाकून मोठे मासे धरायचे, आणि आम्ही बाया छातीभर पाण्यात शिरून हातानं, टोपलीनं बारके मासे चाचपायचो. घरातलं रोजचं कालवण त्यातून व्हायचं. त्या पाण्यात जेवढं हसलो तेवढं मी आयुष्यात दुसरीकडे कुठे हसले नाही. कारण तिथे सासरे-जेठ कुणी नसायचे.

पण त्या वर्षी सरकारी योजना आली होती. तालुक्यातले जुने तलाव ‘सुधारायचे’. सुधारायचे म्हणजे पाण्यात मोहाची ढेप टाकायची, त्यानं होते नव्हते तेवढे सगळे मासे मरतात, मग बाहेरून आणलेलं मोठ्या जातींचं बीज सोडायचं. खैरीचा, माझ्या माहेरचा तलाव आदल्याच साली असा सुधारला होता. मी तेव्हा तिथेच होते. दोन दिवस पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. बोटाएवढ्या, नखाएवढ्या मासोळ्या, ज्यांची नावं मला आईनं पाण्यात उभं राहून शिकवली, त्या सगळ्या. त्यानंतर आईनं तलावात पाय टाकला नाही. हाताला लागायला काही उरलंच नव्हतं.

आता पाळी धानोलीची होती. ढेपेची पोती येऊन मच्छीमार संस्थेच्या खोलीत पडली होती. संस्थेचे सचिव म्हणजे माझेच मालक, दौलत. ते म्हणायचे, “माझ्या हातात काय आहे? सोमवारी टाकायचीच आहे.”

मधेच नागपूरच्या एका कॉलेजातून पत्र आलं. मी सातवी शिकलेली, म्हणून संस्थेची पत्रं मी वाचून दाखवायची. लिहिलं होतं की वैरागडेबाई नावाच्या प्राध्यापिका शुक्रवारी तलाव पाहायला येतील. एका दिवसात वीस जातींचे देशी मासे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर हा तलाव जसा आहे तसा राखावा असं त्या सरकारला लिहून देतील. विसाच्या खाली भरले, तर नाही.

वीस! आम्ही बाया हसलो. वीस तर आमच्या टोपलीतच असतात. आणि त्याच आनंदात माझ्या तोंडातून ते दाढीचं वाक्य गेलं.

गुरुवारी दुपारपासून आम्ही पाण्यात. पाणवनस्पती मुळासकट उपटायच्या, ओढत काठाला आणायच्या, ढीग लावायचे. पाणकांद्याचे वेल, लांब केसांसारखं शेवाळ, बारीक पात्यांची लव्हाळी, सगळं. शुक्रवारी उजाडायच्या आत पुन्हा शिरलो आणि उरलंसुरलं काढलं. तलाव ताटासारखा लख्ख झाला.

माझ्या सासूबाई, भागरताबाई, पाळीवर उकिडव्या बसून पाहत होत्या. साठीच्या, काटकुळ्या, दिवसात दहा शब्द बोलणाऱ्या. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत, माहेरच्या गावावरून ‘खैरीवाली’ म्हणत.

“खैरीवाली,” त्या म्हणाल्या, “पाहुणीले तलाव दाखवता का ताट?”

“स्वच्छ दिसते ना जी आत्याबाई?”

“दिसते,” म्हणाल्या, तंबाखूची पिंक टाकली आणि उठून घरी गेल्या.

सकाळच्या गाडीनं वैरागडेबाई आल्या. माझ्याच वयाच्या, तिशीच्या. खांद्यावर पिशवी, हातात लांब दांड्याची जाळी, चष्म्याला मागून नाडी बांधलेली. पाळ चढून वर आल्या आणि थांबल्या. पाण्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. पुन्हा पाण्याकडे.

“इथलं गवत कुठे गेलं?”

“काढलं जी!” मी छाती फुगवून सांगितलं.

“सगळं?”

“काडी ठेवली नाही.”

बाई मटकन पाळीवरच बसल्या. “अहो, बारके मासे त्याच गवतात राहतात, त्यातच अंडी घालतात. तुम्ही त्यांचं घरच उपसून बाहेर टाकलंत!”

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं थोडंच? रोज त्याच गवतात हात घालून तर मासे काढत होतो. पण पाहुणी येणार म्हणताच सगळ्यांच्या डोक्यात सारवणच शिरलं. सकवार म्हणून माझी मैत्रीण होती, बोलायला तिखट. ती माझ्या कानाशी आली. “झाली हजामत? आता पावडर लाव तलावाले.”

अकरा वाजेपर्यंत जाळी ओढून ओढून बाईंचे हात दुखले, आणि भरले किती तर सहा. मरळ, मांगूर, शिंगूर, वाम असे गवतावाचून भागणारे दांडगे. मालक तोंड पाडून फिरत होते. मधेच कुठेतरी गायब झाले, आणि धापा टाकत परत आले ते बारदानात गुंडाळलेले दोन थोराड मासे घेऊन. त्यांनी ते पलीकडच्या काठानं हळूच पाण्यात सोडले आणि मग ओरडले, “बाईजी! इकडं पाहा, इकडं! केवढे आहेत!”

बाईंनी जाळीत एक घेतला, उलटापालटा केला.

“हा तुमच्या तलावातला?”

“वडिलोपार्जित,” मालक म्हणाले.

“मग याच्या अंगाला बारदानाचे धागे कसे?”

मी त्या माणसाशी लग्न केलं याचा मला त्या घडीला इतका आनंद झाला, की पदर तोंडात कोंबून मी पाण्यात बसले. बाईही हसायला लागल्या. “दादा, मोठे नकोत मला. मोठे सगळीकडे मिळतात. बारके दाखवा.”

तेवढ्यात सकवारची किंकाळी. ती दमून गवताच्या ढिगावर टेकली होती, आणि उडी मारून उठली होती.

“बाई वं! हा ढीग हालून राहिला!”

ढीग काठालाच होते, निम्मे पाण्यात. पहाटेच काढलेलं गवत अजून आतून ओलंचिंब. मी हात घातला, एक मूठ बाहेर काढली, आणि मुठीत नखाएवढा काचेसारखा मासा टिंगटिंग उडत होता. आतून काटे दिसावेत इतका पारदर्शक.

“सात!” बाई ओरडल्या. एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडून असा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला आजही कळत नाही. लग्नघरी वऱ्हाड जेवायला बसल्यावर जसं होतं तसं. पंचवीस बाया ढिगांवर तुटून पडल्या. गवत पिंजायचं, काडी काडी सोडवायची. हाताला काही लागलं की “मिळाला! मिळाला!” म्हणत पळायचं. बाईंनी आणलेल्या काचेच्या बाटल्या सहाच होत्या, त्या कधीच भरल्या. मग घराघरातून लोटे आले, स्वयंपाकाचे गंज आले, पितळी आली, देवपूजेचा तांब्या आला. चहाच्या टपरीवरून किटली आली, तिच्यात अजून घोटभर चहा होता, तो सकवारनं पिऊन टाकला. कुणी झिंगे आणले, कुणी बेडकाची पिल्लं आणली. “हे मासे नव्हेत हो,” असं बाई सांगत, आणि आणणारी रुसून म्हणे, “पाण्यात तर राहतात ना?” पाळीवर भांड्यांची ओळ लागली, आणि प्रत्येक भांड्यात एक जात. मी नावं सांगायची, बाई वहीत लिहायच्या. पाठीवर हिरवी रेघ असलेला. पोट फुगवणारा. तोंड वर करून चालणारा. एकेका माशाचं नाव सांगताना मला आईचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याच वेळी इतकं हसू येत होतं की नाव नीट सांगता येईना. कुणाच्या पोलक्यात मासा, कुणाच्या अंबाड्यात गोगलगाय. आम्ही सगळ्या शेवाळानं हिरव्या झालो होतो.

तीन वाजता बाईंनी भांडी मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

“वीस,” त्या म्हणाल्या.

काय ओरडलो आम्ही! पाळीवरचे बगळे उडाले. सकवारनं वैरागडेबाईंना कमरेला धरून उचललं, त्यांचा चष्मा नाडीवर लोंबकळला. मालक संस्थेच्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, “घ्या तुमची ढेप!”

आणि मी मूर्खासारखी भांड्यांच्या ओळीवरून शेवटची नजर फिरवत गेले. दहावा तांब्या. चौदावा गंज. दहाव्यात बोटभर लांबीचा रुपेरी मासा होता. चौदाव्यात तसाच, पण लहान, शेपटीजवळ काळी टिकली.

ती टिकली पिल्लाला असते. मोठं झालं की जाते. दोन्ही एकच.

सकवारनं माझं तोंड पाहिलं. तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, ढिवराच्या घरी जन्मलेल्या कुणालाही. कुणी बोललं नव्हतं, एवढंच. ती माझ्या पायावर पाय देऊन हळूच म्हणाली, “चूप राह्य. पुस्तकात टिकलीवाला वेगळाच असंल.”

बाईंनी वही पुढे केली. “पुस्तकला, तुम्ही सही करा. नावं तुम्ही सांगितलीत, खात्री तुमची.”

माझं नाव पुस्तकला. पेन हातात घेतलं. खैरीचा तलाव डोळ्यांपुढे आला. ती पांढरी पोटं. एक सही, की हे मासे वाचतील. पण त्या बाईनं सकाळपासून माझ्या तोंडच्या प्रत्येक शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, एकदाही “नक्की का?” म्हणून विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं सांगणं लिहून घेत होतं.

“बाईजी,” मी म्हणाले, “दहावा अन् चौदावा एकच आहेत. हे त्याचं पिल्लू.”

सकवारनं माझ्या पायावरचा पाय काढून घेतला.

बाईंनी दोन्ही भांडी जवळ घेतली, बराच वेळ पाहिली. “खरं आहे,” त्या हळू म्हणाल्या. “मी फसले असते.” आणि चौदाच्या आकड्यावर रेघ मारली. “एकोणीस.”

“सत्यवती!” सकवार कपाळावर हात मारून ओरडली. “सोमवारी ढेप टाकतील तेव्हा तूच आरती ओवाळ!” एक जण रडायला लागली. मालक डोक्याला हात लावून बसले. बाईंची गाडी साडेपाचला. ढीग पिंजून संपले होते. आम्ही पुन्हा शिरलो, पुन्हा पिंजले, तेच तेच मासे पुन्हा निघाले. चार वाजले.

तेवढ्यात माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या कधी परत आल्या कोण जाणे. गर्दीच्या मागे उभ्या होत्या आणि थेट माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही. बाजारात मडकं घेताना बाई टिचकी मारून ऐकते ना, तशा.

“पाय धुवून येतो,” एवढं म्हणून त्या तलावाच्या काठाकाठानं निघून गेल्या.

पाच वाजायला आले. बाई सामान आवरू लागल्या. “मला माफ करा,” त्या म्हणाल्या, “एकोणीसला मी वीस लिहू शकत नाही.” आम्ही एकेक भांडं पाण्यात ओतायला उचललं.

आणि पाळीच्या टोकाकडून आरोळी आली.

“मेलो वं माय! धावा वं! काय शिरलं माझ्या लुगड्यात!”

भागरताबाई! दिवसाला दहा शब्द बोलणाऱ्या! नऊवारी लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, एका पायावर उड्या मारत, काष्टा दोन्ही हातांनी धरून त्या पाळीवरून नाचत येत होत्या. “अवं वळवळते! अवं चावते! दौलत, तोंड फिरव तिकडं, लाज नाही तुले!” मालकांनी तोंड फिरवलं, सगळ्या बाप्यांनी फिरवलं. आम्ही धावलो. सकवार काष्टा सोडायला खाली बसली, हसून हसून तिला गाठ सुटेना. “आत्याबाई, या वयात कोणाले घुसू दिलं जी!” “चूप बस, रांडे, ओढ!” बाईंनी माझ्याकडून तांब्या हिसकावला आणि काष्ट्याखाली धरला. पिळा सुटला, आणि त्यातून करंगळीएवढं काहीतरी टपकन तांब्यात पडलं.

पिवळ्या अंगावर काळे आडवे पट्टे. ओठाशी बारीक मिशा. सोन्याच्या तुकड्यासारखा तांब्याच्या तळाशी बसला आणि मिशा हलवू लागला.

मी तो मासा कधी पाहिला नव्हता. खैरीतही नाही, इथेही नाही. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती.

“वाघी,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. “आजी, हा मासा या भागात कुणाच्या नोंदीत नाही. कुठे मिळाला? नेमकी जागा सांगा, मला ‘सापडल्याचं ठिकाण’ लिहावं लागतं.”

“जागा? तुमच्या डोळ्यांदेखत तर निघाला.”

“पण शिरला कुठे?”

“बाई,” सासूबाई लुगडं सावरत, अगदी भोळ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, “मले पाठीमागं डोळे आहेत का?”

हसण्याचा असा लोंढा आला की बाईंनाही पुढचं विचारता येईना. त्यांनी वहीत लिहिलं, मी खांद्यावरून वाचलं: ‘सापडल्याचं ठिकाण: भागरताबाई दिघोरे यांचे लुगडे.’ आणि खाली: वीस. मी सही केली. इतकी वाकडी सही मी पुन्हा कधी केली नाही.

मग बाईंनीच चपला काढल्या. “आता हे सगळं गवत परत लावायचं. चला.” आणि आम्ही सगळ्या, शिकलेल्या-न शिकलेल्या, पाण्यात. गवताच्या जुड्या हातात धरायच्या आणि पायाच्या अंगठ्यानं गाळात रोवायच्या, भात लावतात तसं, पण पायानं. कुणी पडलं की सगळ्यांनी तिच्यावर पाणी उडवायचं. साडेपाचची गाडी पाळीखाली येऊन उभी राहिली, भोंगा वाजवू लागली. कंडक्टर वर आला, हे पाहिलं, आणि उतारूंनाही वर बोलावलं. वैरागडेबाई ओल्याचिंब गाडीत चढल्या तेव्हा गाडीच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, आणि खिडकीतून त्या वही हलवत होत्या.

तलाव राहिला. ढेप मालकांनी शेतकऱ्यांना खत म्हणून वाटली. दोन वर्षांत गवत पुन्हा छातीभर झालं, आणि वाघीची चौकशी करायला माणसं येऊ लागली. जीपगाड्या, कॅमेरे, पेट्या. कुणी संशोधन करणारे, कुणी काचेच्या टाकीत पाळायला रंगीत मासे विकणारे. आम्ही सगळ्या मिळून शोधायचो त्यांच्यासाठी. कुणाला पुन्हा दिसली नाही. वैरागडेबाई स्वतः तीन वेळा आल्या. सासूबाईंना विचारलं की त्या आपल्या लुगड्याकडे बोट दाखवायच्या.

नऊ वर्षांनी त्या अंथरुणाला खिळायच्या थोडं आधी, एका उन्हं उतरलेल्या दुपारी, त्यांनी मला हाक मारली. “पुस्तकला, हात दे.” मला नावानं हाक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मारली.

हात धरून मी त्यांना नेलं. त्या दाखवतील तिकडे वळत गेले. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं, गुडघ्यावर बसायला लावलं, माझं मनगट धरलं आणि माझा हात पाण्याखाली, आत, खोल घातला. तिथलं पाणी गार होतं. भर उन्हाळ्यात गार. खालून झिरपत होतं. माझ्या बोटांना मिशा लागल्या. एकीच्या नाही, कितीतरी.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशीचा तो नाच, ती आरोळी, “मले पाठीमागं डोळे आहेत का”, सगळं एकदम उलगडलं.

“आत्याबाई! तुम्हीच धरली होती?”

“मग काय, चालत आली काष्ट्यात?” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूनं मले दाखवली. तिनं सांगितलं, मासा द्यावा लागला तर दे, जागा देऊ नको.”

“मग मला काहून दाखवता?”

“तू त्या दिवशी चौदावा गंज वापस केला म्हणून.” त्यांनी विचारलं, “लागल्या हाताला?”

“लागल्या.”

“मग आता विसर.”

मी आता त्यांच्याच वयाची झाले आहे. त्या शुक्रवारी पाळीवर कोणत्या भांड्यात कोणता मासा होता ते ओळीनं सांगू शकते. बाईंच्या चष्म्याच्या नाडीचा रंग निळा होता. गाडीच्या कंडक्टरचा पुढचा एक दात पडलेला होता. परवाच दोन मुली आल्या होत्या, पाठीवर सॅक, हातात नकाशा. म्हणाल्या, “आजी, तुमची आठवण किती पक्की आहे! मग ती जागा तेवढी आठवते का?”

मी पुष्कळ वेळ विचार केला, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून.

“नाही वं पोरींनो,” मी म्हणाले. “तेवढंच नेमकं विसरले बघा.”